आषाढातला धर्मादा

दिवाळी आटोपली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र रंगतात, पाहुण्यांच्या पंगती उठतात आणि त्यातच सोयरिकीही जमतात. या साऱ्याचा खर्च कुणी उचलला हे पाहायचं असेल तर मंडपाबाहेरचे बॅनर वाचावेत. राइस मिल, कृषी केंद्र, सराफी पेढी, किराणा भांडार, बांधकाम ठेकेदार अशी सगळी बाजारपेठ तिथे हात जोडून उभी असते. दानाला हा काळ सोयीचा. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान कापणीला येतं, गिरण्यांचे पट्टे फिरू लागतात आणि गल्ल्यात रोकड खेळते.

पण भूक या दिवसांत येत नाही. तिचा हंगाम वेगळा आहे.

बाजारपेठेतून दानासाठी पैसा काढण्याची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे धर्मादा. आडत्याच्या चिठ्ठीवर हमाली, तोलाई, दलाली यांच्या खाली आणखी एक बारीक रक्कम लिहिलेली असे. पोत्यामागे किंवा शेकड्यामागे अगदी किरकोळ. वर्षभरात तिचा मोठा आकडा होई आणि त्यातून गोशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, मंदिर चाले. अन्नछत्राच्या वाट्याला त्यातलं काही येई, पण माझ्या मते कमीच. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने, म्हणजे १९५० च्या मूळ मुंबई कायद्याने, या रिवाजाला कलम ५४ मध्ये जागा दिली. रिवाजाने धर्मादा घेणारा व्यापारी त्या रकमेचा मालक ठरत नाही, तो तिचा विश्वस्त असतो. वर्ष संपल्यावर त्याने धर्मादाय कार्यालयाला हिशेब द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानेही बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात हेच मानलं की, गिऱ्हाइकाकडून धर्मादा म्हणून घेतलेला पैसा व्यापाऱ्याचं उत्पन्न नव्हे.

हा मुद्दा कायद्यापुरता नाही. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात बाजारातल्या नाना कपातींवर बोट ठेवलं, त्यात दानधर्माच्या नावाची कपातही होती. घाम शेतकऱ्याचा, कपात त्याच्या पट्टीतून आणि धर्मशाळेच्या भिंतीवर संगमरवरात नाव शेटजींचं! वऱ्हाडात १८९७ मध्येच कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला होता, पण कपातींची खोड त्याने सुटली नाही. म्हणून आज कुणी भुकेसाठी निधी उभारायला निघालं तर पहिला प्रश्न विचारावा की, पैसा नक्की कुणाच्या खिशातून येणार आहे? नफ्यातून दिला तर दान. शेतकऱ्याच्या वजनातून काढला तर ते दान कसलं?

दुसरा प्रश्न वेळेचा. १८९६ साली पाऊस लवकर थांबला. धानाला हस्ताचं पाणी लागतं, तेच चुकलं आणि मध्य प्रांतातल्या धानपट्ट्याची दैना झाली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं (वेगळा जिल्हा १ मे १९९९ चा). सरकारी कामं आणि अन्नछत्रं होतीच, त्याशिवाय १८९७ मध्ये लोकवर्गणीचा दुष्काळ निधी उभा राहिला. सरकार जिथे पोहोचत नाही तिथेच हा पैसा खर्चायचा, असं ठरवून त्याची चार कामं आखली होती. आजाऱ्यांना वरचं अन्न व वस्त्र, अनाथ मुलांचा सांभाळ, घराबाहेर न पडणाऱ्या अब्रूदार गरिबांना मदत आणि उभं राहू पाहणाऱ्या शेतकऱ्याला बी व बैल. चौथं कलम मला सर्वात शहाणपणाचं वाटतं. पेरणीआधी हाती आलेलं बियाणं पुढच्या साऱ्या वर्षाचं जेवण असतं.

धानाच्या मुलखात ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतचे दिवस कठीण. कोठी खाली झालेली, पऱ्हे टाकायचे, खत घ्यायचं, रोवणीची मजुरी रोख मोजायची. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा पैसा तोवर संपलेला असतो. मग किराण्याची उधारी चढत जाते. शासनाने ही गोष्ट केव्हाच मान्य केलेली आहे. आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यात पोटासाठी द्यायचं खावटी कर्ज १९७८ पासून होतं. २०२० मध्ये त्याच्या जागी चार हजार रुपयांचं खावटी अनुदान आलं, निम्मं वस्तूंच्या रूपात, निम्मं बँक खात्यात. गंमत अशी की खावटीची जबाबदारी ज्या आदिवासी विकास महामंडळाकडे होती, तेच महामंडळ हिवाळ्यात याच भागातलं धानही खरेदी करतं.

आता गिरणीकडे येऊ. शासकीय भरडाईत एक क्विंटल धानामागे ६७ किलो तांदूळ परत द्यावा लागतो, उकडा असेल तर ६८. कोंडा, तूस आणि कनकी गिरणीकडे राहते. रेशनचा पोषणयुक्त तांदूळ करताना शंभर किलोत एक किलो लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ असलेले दाणे मिसळावे लागतात, त्यासाठी मिश्रणयंत्रं आली. महाराष्ट्रात याचा पहिला प्रयोग शेजारच्या गडचिरोलीत झाला. सांगायचं हे की तांदूळ पोटापर्यंत नेण्याचं सगळं सामान गोंदियाच्या उद्योगाकडे आधीच आहे. गोदाम आहे, ट्रक आहेत, तोलकाटा आहे, हमाल आहेत. रोख वर्गणीहून याची किंमत जास्त.

शिजवणारे हातही आहेत. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी खानावळवाल्यांनी आणि बचत गटांनीच चालवली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि मूदभर भात, गिऱ्हाइकाला दहा रुपयांत. टाळेबंदीत ती पाच रुपयांना मिळाली, २०२१ मध्ये काही महिने फुकट. थाळीचा हिशेब शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला होता, फरक शासन भरणार. पुढे अनुदान थकल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. रोजचा बाजारहाट रोखीने करणाऱ्या खानावळवाल्याला तीन महिन्यांची थकबाकी म्हणजे गॅस बंद. बाजारपेठेचा निधी नेमका इथे उपयोगी पडेल.

साधा हिशेब करून पाहा. हंगामात ५० हजार क्विंटल धान भरडणाऱ्या गिरणीने स्वतःच्या नफ्यातून क्विंटलमागे एक रुपया बाजूला ठेवला तर ५० हजार रुपये जमतात. शहरी दराने त्या हजार थाळ्या झाल्या. एका गिरणीच्या, एका रुपयाच्या.

म्हणून गोंदियाच्या व्यापारी मंडळींना विनंती आहे. मंडईचा मंडप घाला, भंडाराही करा, त्यात आनंद आहेच. फक्त यंदा कार्तिकात धान गिरणीवर येऊ लागलं की वहीत धर्मादाचं एक पान उघडा, त्याचा हिशेब दर महिन्याला दुकानात लावा आणि जमलेली रक्कम आषाढ लागेपर्यंत मोडू नका.