लवकर धडधडणारं काळीज

शाळेत तोंडी परीक्षेला माझा नंबर जवळ आला की हात गार पडायचे. उत्तर पाठ असायचं, तरी आवाज थरथरायचा. ‘एवढं घाबरायला काय झालं?’ हे मी इतक्यांदा ऐकलं, की घाबरायचं की नाही हे दरवेळी मीच ठरवते, असं मला वाटू लागलं. शरीरात हे कसं घडतं ते पुढे कळलं आणि स्वतःवरचा राग निवळला.

हृदयाला स्वतःची लय असते. उजव्या कर्णिकेतल्या पेशींचा लहानसा पुंजका, सायनस नोड, कोणी आवरलं नाही तर मिनिटाला साधारण १०० ठोके देईल. शांत बसल्यावर नाडी सत्तरच्या आसपास लागते, कारण मेंदूच्या तळातून निघालेली व्हेगस ही नस त्याला सतत ब्रेक लावून असते. आपलं नाव पुकारलं गेलं की आधी हा ब्रेक सुटतो, आणि त्याला सेकंददेखील लागत नाही. मग सिम्पथेटिक मज्जासंस्था जोर लावते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात. त्वचेकडचं रक्त कमी होतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ आटते म्हणून घसा कोरडा पडतो. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक मागाहून येतं. ते रक्तात सर्वांत जास्त होतं २० ते ३० मिनिटांनी, म्हणजे पुष्कळदा प्रसंग संपून गेल्यावर.

हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, पण कोणाचा ब्रेक चटकन सुटतो, कोणाचा उशिरा. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले, वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडू लागलं, रडू लागलं. पाचातली दोन स्वस्थ पाहत राहिली. मुलं मोठी होईपर्यंत केगन त्यांचा मागोवा घेत राहिले. हातपाय झाडणाऱ्या बाळांपैकी बहुतेक पुढे टोकाची भित्री झाली नाहीत, पण अगदी बिनधास्त झालेलीही क्वचितच. मला यातला दुसरा भाग जास्त दिलासा देतो. बिनधास्त होण्याची खटपट मी वीस वर्षं केली होती.

पहिली धडधड आपल्या हातात नाही. ब्रेक पुन्हा लावणं मात्र थोडंफार हातात आहे, आणि त्याची वाट श्वासातून जाते. श्वास आत घेताना व्हेगसची पकड सैल होते, ठोके किंचित वाढतात. सोडताना ती घट्ट होते, ठोके मंदावतात. मनगटावर बोट ठेवून पाहा, पुष्कळांना हा फरक जाणवतो. म्हणून ‘खोल श्वास घे’ हा सल्ला अर्धाच आहे; सोडणं लांबवायचं असतं. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. आपल्या प्राणायामात रेचक, म्हणजे श्वास सोडणं, पूरकाच्या, म्हणजे श्वास घेण्याच्या, दुप्पट सांगितला आहे, आणि लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं ते अशा क्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्यासाठीच. दोन-तीन मिनिटं पुरतात, पण सवय आधी शांत वेळी लावावी लागते. ऐन वेळी पहिल्यांदा करून पाहिलं तर श्वासच अडकल्यासारखा वाटतो.

दुसरी सोय वेळेची. नव्या ठिकाणी मी अर्धा तास आधी जाते. खोली पाहते, खुर्ची निवडते, पाणी कुठे आहे ते बघते. माणसं येईपर्यंत निदान भिंती तरी ओळखीच्या होतात. कोणी जोरात बोललं तर उत्तर लगेच लिहीत नाही. कॉर्टिसॉल उतरायला अवकाश लागतो, आणि त्या तासाभरात लिहिलेलं मला नंतर नेहमी खोडावं लागलं आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्यांनी सांभाळून वागायला हवं. केगन यांच्या पाहणीत, बाळाला प्रत्येक नव्या गोष्टीपासून जपणाऱ्या घरांत भित्रेपणा जास्त टिकला. हळूहळू ओळख करून देणाऱ्या घरांत तो कमी झाला. माझी भाची वाढदिवसाला गेली की दाराशीच घुटमळते. ताई तिला आत ढकलत नाही आणि घरीही परत आणत नाही. उंबऱ्याजवळ तिच्याशेजारी बसते, कोण कोण आलंय ते दोघी पाहतात. दहा-पंधरा मिनिटांनी भाची ताईचा हात सोडते आणि फुग्यांकडे जाते.