देशभरात फक्त 90 गाड्या आल्या! जावाच्या ‘लिमिटेड एडिशन’मध्ये नेमकं लिमिटेड काय होतं?

मीरा रोड स्टेशनबाहेरच्या पार्किंगमध्ये दुचाकींची लांबच लांब रांग असते. त्यात एखादी जावा उभी असेल तर नजर तिकडेच जाते. गोल हेडलाइट, टाकीवर चकाकणारं क्रोम, मागे दोन्ही बाजूंना लांबलचक सायलेन्सर. काकांना कॉलेज आठवतं, पोरांना रील सुचतं.

पण जावाचं एक मॉडेल असंही आहे, जे या रांगेत दिसणं जवळपास अशक्य. कारण ते बनलंच फक्त 90 नग.

ही गाडी आली 2019 मध्ये. जावाला 90 वर्षं झाली, म्हणून 90 गाड्या. ज्यांनी आधीच जावा बुक केली होती, त्यांच्यातून सोडत काढली गेली. दिल्लीची एक्स-शोरूम किंमत साधारण 1.73 लाख. गडद लाल आणि हस्तिदंती रंग, टाकीवर त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक. रंगसंगती घेतली होती 1929 च्या ‘जावा 500 ओएचव्ही’ या पहिल्या गाडीवरून.

गंमत अशी की ती पहिली गाडी मुळात जर्मन. चेकोस्लोव्हाकियाच्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकल विभाग विकत घेतला. यानेचेकमधला ‘जा’ आणि वाँडररमधला ‘वा’, झालं जावा!

मग भारताचा वारसा कुठून आला?

मुंबईच्या रुस्तम इराणी यांच्यामुळे. आधी ते या गाड्या आयात करायचे. नंतर म्हैसूरमध्ये ‘आयडियल जावा’ उभी राहिली आणि 1960 च्या दशकापासून गाड्या तिथेच बनू लागल्या. पुढे नाव बदलून ‘येझदी’ झालं, इराणमधल्या यज्द शहरावरून. 1996 मध्ये कारखाना बंद पडला.

2018 मध्ये जावा परत आली ती महिंद्राच्या ‘क्लासिक लिजेंड्स’ कंपनीकडून, नाव वापरण्याचे हक्क घेऊन. या कंपनीचे एक सहसंस्थापक बोमन इराणी, म्हणजे रुस्तम इराणींचे चिरंजीव. भाईंदरकर त्यांना वेगळ्याच कारणाने ओळखतात. खाडी ओलांडून विरारला गेलं की जी रुस्तमजी ग्लोबल सिटी लागते, ती त्यांच्याच समूहाची. येझदी नावाच्या मालकीचा वाद मात्र कर्नाटक हायकोर्टापर्यंत गेला. वारसा भावनेचा असला तरी त्याची कागदपत्रं असतात.

आणि मशीन?

इथेच खरी मेख आहे. 90 गाड्यांचं इंजिन वेगळं नव्हतंच. साध्या जावा क्लासिकमध्ये होतं तेच 293 सीसीचं, लिक्विड कूल्ड, 27 बीएचपीच्या आसपास ताकदीचं. जुन्या जावाचा टू-स्ट्रोक ‘धडधड’ आवाज यात नाही, हे फोर-स्ट्रोक आहे. लिमिटेड होता तो रंग आणि आकडा.

म्हणजे फसवणूक का? अजिबात नाही, कंपनीने काही लपवलं नव्हतं. संग्राहकासाठी रंग आणि आकडा हीच तर किंमत असते. अडचण येते ती सेकंडहँड बाजारात. तिथे ‘लिमिटेड एडिशन’ म्हटलं की भाव चढतो, पण कागदावर तो चढत नाही.

विम्याचंच बघा. गाडी चोरीला गेली तर कंपनी देते ती आयडीव्ही, म्हणजे गाडीची घोषित किंमत. ती ठरते कंपनीच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून. सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, पुढे वाढत वाढत पाचव्या वर्षी 50 टक्के. म्हणजे 1.73 लाखांची गाडी चार वर्षं ओलांडली की हिशेबात सुमारे 86 हजारांची. तुम्ही हौसेने तीन लाख मोजले असतील, तो तुमचा प्रश्न! पाच वर्षांनंतर मात्र आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुर्मिळ गाडी असेल तर तिथे घासाघीस करायलाच हवी, आणि ठरलेला आकडा पॉलिसीवर छापून आलाय का तेही बघायला हवं.

आरसीवर चेसिस आणि इंजिन क्रमांक असतो. टाकीवरचा ‘90 पैकी अमुक’ क्रमांक नसतो. अपघातात टाकी बदलली की तो पुरावाही गेला. म्हणून अशी गाडी घेताना मूळ बिल आणि सोडतीचा मेल किंवा पत्र मागायचं, नुसत्या फोटोवर जायचं नाही. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरूनच भाव करायचा.

शिवाय उत्तनची खारी हवा क्रोमला सोडत नाही, मग गाडी 90 मधली असो की नव्वद हजारांमधली. पावसाळ्यात ती उघड्यावर ठेवली तर गंज ठरलेलाच.

राहता राहिलं ‘व्हिंटेज’. 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तरच तशी नोंदणी होते, आणि मग ती रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. 2019 ची ही जावा तिथे पोहोचेल 2069 मध्ये. त्याआधी 15 वर्षं झाली की, म्हणजे 2034 मध्ये, तिलाही बाकीच्यांसारखंच फेरनोंदणीसाठी आरटीओत जावं लागेल.