कुत्र्यांमधील गुदपिशव्यांचे विकार

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या लहान पिशव्यांमध्ये स्राव साचून राहणे, दाह होणे, गळू होणे किंवा गाठ वाढणे यांना एकत्रितपणे गुदपिशव्यांचे विकार म्हणतात. व्यवहारात या पिशव्यांना ‘गुदग्रंथी’ असेही म्हटले जाते. प्रत्यक्षात ग्रंथी पिशवीच्या भित्तिकेत असतात आणि त्यांचा स्राव पिशवीत साठतो. जमिनीवर बसून, मागचे पाय पुढे घेऊन पार्श्वभाग घासत पुढे सरकणे हे या विकारांचे सर्वांत परिचित लक्षण आहे. तथापि हे केवळ लक्षण असून स्वतंत्र रोग नाही. त्यामागील कारणे साध्या अडथळ्यापासून कर्करोगापर्यंत वेगवेगळी असू शकतात, त्यामुळे कारणाचा शोध हाच उपचाराचा पाया मानला जातो.

रचना व कार्य

गुदद्वार हे घड्याळाच्या तबकडीसारखे मानल्यास दोन गुदपिशव्या साधारणपणे ४ आणि ८ या आकड्यांच्या जागी असतात. त्या गुदद्वाराच्या आतील व बाहेरील परिसंकोची स्नायूंच्या मध्ये असतात. प्रत्येक पिशवी एका अरुंद नलिकेने गुदद्वाराच्या कडेजवळ उघडते. पिशवीतील स्रावाला तीव्र, माशासारखा वास असतो. निरोगी कुत्र्यांमध्येही या स्रावाचा रंग पिवळसर ते तपकिरी आणि घनता पाण्यासारखी ते लेपासारखी असू शकते. त्यामुळे केवळ रंग पाहून रोगाचे निदान करता येत नाही.

मलविसर्जनाच्या वेळी घट्ट विष्ठेचा व स्नायूंचा दाब पडून पिशव्या रिकाम्या होतात. विष्ठेबरोबर मिसळणारा हा वास इतर कुत्र्यांना ओळख पटवून देतो असे मानले जाते. कुत्री भेटल्यावर एकमेकांच्या शेपटीखाली हुंगतात, त्यामागेही हेच एक कारण समजले जाते. अतिशय घाबरलेल्या कुत्र्याच्या पिशव्या अचानक रिकाम्या होऊ शकतात. मांजरांनाही अशा पिशव्या असतात, तर स्कंक हा प्राणी त्यांतील स्रावाचा वापर स्वसंरक्षणासाठी करतो.

विकारांचे प्रकार

स्राव साचणे हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. स्राव दाट होऊन किंवा नलिका बंद होऊन पिशवी फुगते व अस्वस्थता निर्माण होते. पुढे दाह व जंतुसंसर्ग झाल्यास स्पर्शही वेदनादायक होतो आणि स्रावात पू किंवा रक्त दिसू शकते. त्यावर उपचार न झाल्यास गळू तयार होते. अशा वेळी गुदद्वाराच्या एका बाजूस लालसर, गरम सूज येते, कुत्रा सुस्त होतो आणि त्याला तापही येऊ शकतो. गळू त्वचेतून फुटल्यास तेथे रक्तमिश्रित पू वाहणारी जखम दिसते. अनेकदा पालकांच्या लक्षात हा विकार याच टप्प्यावर येतो.

गुदपिशवीच्या ग्रंथींचा कर्करोग तुलनेने कमी आढळतो, पण तो गंभीर असतो. तो प्रामुख्याने प्रौढ व वृद्ध कुत्र्यांमध्ये होतो. गाठ वाटाण्याएवढी लहान असतानाही तो जवळच्या लसीका ग्रंथींपर्यंत पसरलेला असू शकतो. या रोगातील काही कुत्र्यांच्या रक्तात कॅल्शियमचे प्रमाण वाढते. अशा कुत्र्यांना वारंवार तहान लागते, लघवीचे प्रमाण वाढते आणि भूक मंदावते. पार्श्वभागाशी संबंध नसल्यासारखी ही लक्षणे दिसल्यामुळे निदान लांबण्याचा धोका असतो.

कारणे

ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारित आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एका वर्षात सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांमध्ये गुदपिशव्यांचे कर्करोगेतर विकार नोंदले गेले. लहान जातींच्या कुत्र्यांमध्ये हे विकार अधिक आढळतात. वारंवार होणारी पातळ विष्ठा हे एक महत्त्वाचे कारण समजले जाते, कारण मऊ विष्ठेचा पिशवीवर पुरेसा दाब पडत नाही. लठ्ठपणा आणि त्वचेची किंवा अन्नाची ॲलर्जी यांचाही या विकारांशी संबंध जोडला जातो. ॲलर्जीवर उपचार झाला नाही, तर पिशव्या कितीही वेळा रिकाम्या केल्या तरी त्रास परत उद्भवतो.

लक्षणे व निदान

पार्श्वभाग घासणे, शेपटीखालचा भाग सतत चाटणे किंवा चावणे, बसताना अचानक दचकून उठणे, मलविसर्जनाच्या वेळी कळ येणे आणि अंथरुणाला माशासारखा वास येणे ही प्रमुख लक्षणे होत.

कुत्रा पार्श्वभाग घासू लागला की त्याला जंत झाले आहेत असा समज सर्वत्र आढळतो आणि अनेक घरांत लगेच जंताचे औषध दिले जाते. पट्टकृमींमुळे अशी खाज येऊ शकते. त्या वेळी विष्ठेत किंवा गुदद्वाराजवळच्या केसांत तांदळाच्या दाण्यासारखे कृमीचे तुकडे दिसतात. कुत्र्यांमधील एक सामान्य पट्टकृमी पिसवांमार्फत पसरतो, म्हणून औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो. मात्र तपासणी न करता दिलेल्या जंतनाशकामुळे गुदपिशवीतील दाह बरा होत नाही, उलट त्यात मौल्यवान वेळ जातो. गुदद्वाराभोवतीच्या त्वचेचा दाह, जुलाबानंतरची आग आणि विष्ठेने चिकटलेले केस यांमुळेही हेच लक्षण दिसू शकते.

निदानासाठी पशुवैद्य हातमोजा घालून, वंगण लावलेले बोट गुदद्वारात सरकवून दोन्ही पिशव्या चाचपतात. या तपासणीत फुगलेली पिशवी व घट्ट गाठ यांतील फरक कळतो. गाठीची शंका आल्यास सुईने पेशी काढून त्यांची तपासणी, रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी केली जाते.

उपचार

साचलेला स्राव पशुवैद्य बोटांच्या हलक्या दाबाने बाहेर काढतात. दाह असल्यास पिशवी सलाइनने धुऊन आत औषध भरले जाते. वेदना तीव्र असल्यास हे काम गुंगीचे औषध देऊन करावे लागते. गळू झाल्यास पू काढून जखम स्वच्छ केली जाते आणि वेदनाशामके व गरजेनुसार प्रतिजैविके दिली जातात. जखम चाटली जाऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची पट्टी बांधतात. माणसांसाठीची वेदनाशामके कुत्र्यांना घातक ठरू शकतात, त्यामुळे ती घरी देणे टाळावे लागते. सुजलेला भाग घरी दाबल्यास पिशवी फाटून संसर्ग आसपासच्या ऊतींत पसरू शकतो.

विकार वारंवार होत असल्यास दोन्ही पिशव्या शस्त्रक्रियेने काढून टाकण्याचा पर्याय असतो. शक्यतो दाह ओसरल्यावरच ही शस्त्रक्रिया केली जाते. परिसंकोची स्नायूंना किंवा त्यांच्या चेतांना इजा झाल्यास मलविसर्जनावरील ताबा सुटू शकतो, तर पिशवीचा अंश आत राहिल्यास वाहती जखम कायम राहू शकते. कर्करोगात गाठ आणि बाधित लसीका ग्रंथी काढल्या जातात व त्यानंतर रसायनोपचार किंवा प्रारणोपचार यांचा विचार केला जातो.

प्रतिबंध

निरोगी कुत्र्याच्या पिशव्या आपोआप रिकाम्या होतात. म्हणून कोणतीही तक्रार नसताना, अंघोळ घालताना किंवा केस कापताना, त्या दर वेळी दाबून काढण्याची आवश्यकता नसते. अनावश्यक व वारंवार दाबल्याने नाजूक ऊतींना इजा होऊन दाह होऊ शकतो. वजनावर नियंत्रण, पिसवांचा बंदोबस्त आणि जुलाबाच्या मूळ कारणावर उपचार हे प्रतिबंधाचे मुख्य मार्ग होत. विष्ठा घट्ट होण्यासाठी आहारात शिजवलेल्या लाल भोपळ्यासारखे तंतुमय पदार्थ माफक प्रमाणात दिले जातात. मात्र ज्या कुत्र्याची विष्ठा आधीच घट्ट आहे, त्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

एखाद्या वेळी पार्श्वभाग घासणे हे निरोगी कुत्र्यातही दिसू शकते. ते वारंवार होत असेल, सूज, रक्त किंवा पू दिसत असेल, अथवा वयस्क कुत्र्याची तहान अकारण वाढली असेल, तर तपासणी लांबवणे योग्य ठरत नाही. वृद्ध कुत्र्याच्या नियमित तपासणीत गुदपिशव्यांची तपासणी समाविष्ट केल्यास लहान गाठ वेळीच सापडते आणि उपचार यशस्वी होण्याची शक्यता वाढते.