वीस सेंटिमीटर आणि घाटाची वाट

महाडच्या बाजारपेठेतून निघालेली जवळजवळ प्रत्येक वाट थोड्याच वेळात चढाला लागते. पूर्वेला वरंध घाट भोरकडे चढतो, पोलादपूरहून आंबेनळी घाट प्रतापगडाला वळसा घालून महाबळेश्वर गाठतो, आणि दक्षिणेला खेडच्या हद्दीवर कशेडी उभा असतो. रायगडाच्या पायथ्याचे पाचाड असो किंवा तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ, मुख्य रस्ता सोडला की वळणे, साकव आणि छातीवर येणारे चढ सुरू होतात. अशा ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाला एकच सेडान नेहमीच्या आणि लांब व्हीलबेसमध्ये मिळत असेल, तर कोणती घ्यावी? व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर. माझे मत स्पष्ट आहे : गाडी याच तालुक्यांत मुक्कामाला राहणार असेल, तर नेहमीच्या व्हीलबेसचीच घ्यावी. लांब आवृत्तीत मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांना जी जागा मिळते, तिची किंमत इथला रस्ता रोज वसूल करतो.

ही निवड महाराष्ट्राला नवी नाही. टाटा मोटर्सने 2002 मध्ये इंडिगो ही सेडान आणली. तिचा व्हीलबेस 2450 मिलिमीटर होता. 2007 मध्ये आलेल्या इंडिगो एक्सएलचा 2650 झाला. ही 20 सेंटिमीटरची भर मागच्या बैठकीसाठी होती. पुढच्याच वर्षी इंडिगो सीएस आली. 2006 च्या अर्थसंकल्पात ठरावीक क्षमतेपर्यंतचे इंजिन असलेल्या, चार मीटरांहून आखूड गाड्यांचा उत्पादन शुल्काचा दर 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला होता. त्या मर्यादेत बसण्यासाठी सीएसची डिकी आखूड केली, व्हीलबेस मात्र 2450 च ठेवला. म्हणजे एकाच घराण्यात एक गाडी चाकांच्या मध्ये वाढली आणि दुसरी चाकांच्या मागे घटली. करखाते गाडी बंपरपासून बंपरपर्यंत मोजते, घाट मात्र ती चाकापासून चाकापर्यंत मोजतो. पुढे 2017 मध्ये मर्सिडीज-बेंझने चाकणच्या कारखान्यात लांब व्हीलबेसची ई-क्लास तयार करायला सुरुवात केली. तिचा व्हीलबेस 3079 मिलिमीटर होता, तर त्याच पिढीच्या नेहमीच्या ई-क्लासचा 2939. चीनमध्ये अशा ताणलेल्या गाड्यांची मोठी बाजारपेठ आहे, कारण तिथे मालक मागे बसतो आणि चालक गाडी चालवतो. ही रचना मुळात कोणासाठी झाली, हे त्यावरून कळते.

आता रस्त्याकडे वळू. घरासमोरचा तीव्र चढ संपून गाडी सपाटीला येते, तिथे जमिनीचा उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये येतो. तो 5 मीटर त्रिज्येचा मानला, तर 2450 मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीखाली जमीन मधोमध सुमारे 15 सेंटिमीटर वर येते आणि 2650 च्या गाडीखाली जवळजवळ 18. दोन्ही गाड्यांचे पोट जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटर उंच आहे असे धरले, तर पहिली सुटते आणि दुसरी घासते. कारण हा उंचवटा व्हीलबेसच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : लांबी 8 टक्के वाढली की गरज 17 टक्क्यांनी वाढते. वळणातही तेच. पुढच्या आसाचा मध्य 6 मीटर त्रिज्येवरून फिरत असेल, तर मागचा आस आखूड गाडीत सुमारे 52 सेंटिमीटर आत सरकतो, लांब गाडीत 62. आंबेनळीच्या अरुंद वळणावर समोरून बस येते, तेव्हा हे 10 सेंटिमीटर म्हणजे आतल्या बाजूचे चाक डांबरावर राहणे आणि गटारात उतरणे यांतला फरक असू शकतो. शिवाय स्टिअरिंग तेवढेच फिरत असेल, तर व्हीलबेस वाढतो त्याच प्रमाणात वळायला लागणारी जागाही वाढते. वाडीच्या टोकाला गाडी फिरवताना एका रिव्हर्समध्ये होणारे काम मग दोनदा करावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा की, लांब गाडी खड्ड्यांत कमी डुलते. हे खरे आहे, पण किती? पुढची चाके 10 सेंटिमीटर वर गेली, तर आखूड गाडी सुमारे 2.3 अंशांनी कलते आणि लांब गाडी 2.2 अंशांनी. मागची बैठक तर मागच्या आसाबरोबरच मागे सरकलेली असते. त्यामुळे त्या चाकाचा दणका प्रवाशाच्या पाठीला जवळजवळ तसाच बसतो. घाटातला खरा त्रास म्हणजे गाडी लागणे. बाजूला खेचणारा जोर वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर ठरतो, त्यात व्हीलबेसचा हिशेबच नाही. तो जोर कमी करायचा तर वेगच कमी करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पाच मीटरांच्या आसपास व्हीलबेस असलेली एसटी रोज हाच घाट चढते, मग सेडानला काय होते? एसटीचे पोट उंच असते, चाके मोठी असतात, आणि वळणावर ती सगळा रस्ता घेते. बाकीच्या गाड्या तिच्यासाठी थांबतात. सेडानसाठी कोणी थांबत नाही. स्प्रिंगा बदलून गाडी उंच करता येते, असेही सांगितले जाते. पण ती उंची आखूड गाडीलाही देता येते, आणि दोघींमधला फरक तसाच राहतो. उलट लांब गाडी मागे माणसे बसवण्यासाठीच घेतली जाते. पाच माणसे आणि सामान चढले की तिचा मागचा भाग खाली बसतो, आणि गरज असते त्याच वेळी उंची घटते.

तिसरा आक्षेप रस्त्यांच्या बदलाचा आहे. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत आहे, आणि कशेडी घाटाला बोगद्याचा पर्याय 2023 च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांसाठी खुला झाला. ज्यांची गाडी मुंबई-पुण्यात राहते, महामार्गाने महाडला येते आणि तिथूनच परत फिरते, त्यांना लांब आवृत्तीचा लाभ खरोखर मिळतो. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना आणि प्लास्टर घातलेल्या पायाला ती जागा फार मोलाची आहे, मागचे रुंद दारही उतरायला सोपे जाते. मात्र तेच लांब दार अरुंद आळीत पुरते उघडत नाही. इथल्या घरांत वृद्धांना पुढच्या डाव्या आसनावर बसवले, आसन मागे घेतले, तर बरीचशी सोय नेहमीच्या गाडीतही होते. बोगद्याने कशेडीचा घाट टळला, पण वाडीकडे जाणारा चढ टळलेला नाही, आणि वर्षभरात जास्त फेऱ्या त्याच चढावर होतात.

म्हणून निर्णय शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नये. चाचणीसाठी गाडी घरापर्यंत मागावी, आत पाच माणसे बसवावीत आणि तीन जागा तपासाव्यात : अंगणात शिरतानाचा चढ, जवळच्या साकवाचा उंचवटा आणि रोजच्या वाटेवरचे सर्वांत अरुंद वळण. खाली वाकून पोट आणि जमीन यांच्यात किती बोटे उरतात ते पाहावे. लांब गाडी तिन्ही जागा सहज पार करत असेल, तर आनंदाने घ्यावी. एका जागी जरी घासली, तरी नेहमीची घ्यावी, कारण ती जागा गाडी विकेपर्यंत रोज समोर येणार आहे.