मान आणि धड

मे महिन्यातली दुपार. नागपूरच्या धरमपेठेतल्या एका जुन्या घराचा दुसरा मजला. खिडकीत कूलर घरघरतोय, ओल्या खसचा वास खोलीभर आहे. मुलगा पुण्याला नोकरीवर निघालाय. पुस्तकं खोक्यांत गेलीत, गादीवर विकायची गिटार तेवढी उरलीय. माझी भाची हेडस्टॉकवरची दोन नावं पुन्हा पुन्हा वाचतेय. फेंडर. स्ट्रॅटोकास्टर.

"पाहून घ्या ना काका, ओरिजिनल आहे," मुलगा म्हणतो. त्याच्या डोळ्यांत खोट दिसत नाही.

नाव मी शेवटी वाचणार. 1954 साली हा आकार पहिल्यांदा बाजारात आला, तेव्हापासून त्याच्या किती नकला निघाल्या असतील! नाव म्हणजे लाकडावरचा पातळ छाप, तो कोणीही लावू शकतो. नंबर एमझेड5 ने सुरू होतोय, म्हणजे मेक्सिकोतली, 2005 च्या सुमाराची. पण नंबरही छापता येतोच.

भाची नेकच्या कडेवरून बोट फिरवते आणि हात मागे घेते. "मामा, टोचतंय. हलकी असेल का?"

नाही. हे नागपूरचं ऊन आहे. कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही, मग तिची टोकं बाहेर डोकावतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि बोच कमी होते. कानशीने टोकं घासली की भागतं. यावरून गिटार नाकारू नये.

टेप काढतो. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिलिमीटर. दुप्पट केलं की 648, म्हणजे साडेपंचवीस इंच. माप बरोबर. मग बॉडीच्या कडेला पट्टी लावतो. 40. पुन्हा लावतो. 40च. इथे 44-45 हवेत.

"नेक उघडू का?"

मुलगा क्षणभर थांबतो. "उघडा."

तारा आधी सैल करतो. त्या गंजून तांबूस झाल्यात. मागच्या प्लेटचे चार स्क्रू काढून भाचीच्या ओंजळीत ठेवतो. नेक हातात येते. टाचेवर शिक्का आहे, तारीख आहे, 2005चीच. मेपल दाट, सरळ रेषेचं. नेक खरी आहे, आणि चांगली आहे.

आता बॉडीतली खाच. तळाशी घडी घातलेला जाड कागद निघतो, हळदी रंगाचा, सोनेरी अक्षरांचा. लग्नपत्रिकेचा तुकडा. नेकचा कोन जमवायला पट्टी घालणं वावगं नाही, कारखान्यांतही घालतात. पण ही पट्टी मेक्सिकोतून आलेली नाही.

मोबाइलचा उजेड खाचेच्या कडेवर धरतो. रंग विरळ आहे तिथे थर दिसतात, एकावर एक, फिके-गडद, फिके-गडद. भाची वाकून पाहते. फेंडरच्या बॉडीतही लाकडाचे तीन-चार तुकडे जोडलेले असतात, पण ते शेजारी शेजारी. असे एकावर एक रचलेले थर म्हणजे प्लायवूड.

पिकगार्ड उचलून पाहतो, पिकअपखाली आडवं चुंबक आहे. पुष्कळ जण एवढं पाहूनच 'नकली' म्हणून मोकळे होतात. ती घाई मला पटत नाही. त्या वर्षांतल्या मेक्सिकन स्टँडर्डमध्ये खुद्द फेंडरही तसंच चुंबक बसवत असे. माझा निर्णय जाडी आणि थरांवर आहे.

"नेक फेंडरची आहे," मी म्हणतो. "बॉडी दुसऱ्या कुठल्यातरी स्वस्त गिटारची."

मुलगा गादीच्या कडेवर बसतो. "असं काहून केलं असंन कोणी? मी तर पूर्ण गिटारचे पैसे दिले होते."

कूलरचं पाणी संपत आलंय, पंप कोरडा वाजतोय. कोणी उठत नाही.

"नुसत्या नेकचे किती होतील, मामा?" भाची हळूच विचारते. मुलगा वर पाहतो.

"ते आपण बसून ठरवू. आधी ही जोडू."

पत्रिकेचा तुकडा होता तसाच खाचेत ठेवतो, नेक बसवतो. भाची पहिला स्क्रू देते. तो मी आधी उलटा फिरवतो, हलक्या हाताने, जुन्या आट्यांत टक्कन उतरेपर्यंत. थेट पिळला तर मेपलमध्ये नवे आटे पडतात आणि भोक सैल होतं. टक्. आता सुलट. दुसरा स्क्रू मी मुलाच्या हातात देतो.