‘रानटी’ या शब्दाचा अर्थ व वर्गातील उपयोग

संस्कृत ‘अरण्य’ या शब्दापासून प्राकृतात ‘रण्ण’ व पुढे मराठीत ‘रान’ हा शब्द आला. ‘रानटी’ हे त्याचेच विशेषण होय. त्याचा मूळ अर्थ ‘रानातले’ एवढाच. त्यात निंदा नाही. रान म्हणजे निबिड अरण्यच असेही नव्हे. देशावरील मूल ‘बा रानात गेलाय’ असे सांगते तेव्हा त्यास शेत अभिप्रेत असते, हे दुसऱ्या भागातून बदलून आलेल्या शिक्षकाने ध्यानी ठेवावे. (‘जंगल’ या शब्दाची गतीही अशीच मौजेची आहे. त्याचे मूळ ‘जाङ्गल’. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे विरळ झाडीचा कोरडा प्रदेश.)

‘रानटी’ या शब्दाच्या उपयोगात एक बारकावा आहे. तो मुलांकडूनच काढून घेता येतो. फळ्यावर हत्ती, म्हैस व वाघ ही नावे लिहावी आणि कोणामागे ‘रानटी’ लावता येईल ते विचारावे. रानटी हत्ती म्हणतात. रानटी म्हैस म्हणतात, आणि गडचिरोली जिल्ह्यात कोलामार्का येथे ती आढळतेही. रानटी वाघ मात्र कोणी म्हणत नाही. वाघ कोणाच्या गोठ्यात नसतोच. मग वेगळेपण दाखवावयाचे कोणाहून? ‘रान’ हे पूर्वपदही असेच चालते. पाळलेले मांजर व कोंबडा आहेत म्हणून रानमांजर व रानकोंबडा. बागेत केळ आहे म्हणून सह्याद्रीच्या कड्यावर उगवणारी, मोठ्या बियांची ती रानकेळ. म्हणजे हा शब्द वस्तूचा स्वभाव सांगत नाही. माणसाने पाळलेल्या वा पेरलेल्या वस्तूहून ती निराळी आहे, इतकेच सांगतो.

हाच शब्द माणसास लावला की बोलणाऱ्याचे स्वतःचे घर हेच माप ठरते. ‘रानटी अत्याचार’ असा प्रयोग वाचनात येतो. तेथे अर्थ ‘क्रूर’ असा असतो. वस्तुतः अशा पुष्कळ आज्ञा मोठ्या नगरांतूनच सुटलेल्या आहेत. कृत्य क्रूर असेल तर क्रूर म्हणावे, वर्तन उर्मट असेल तर उर्मट म्हणावे.

दंगा करणाऱ्या मुलास ‘काय रे, रानटी आहेस का?’ असे विचारण्याची सवय पुष्कळांस असते. त्याच वर्गात कातकरवाडीवरचे मूल बसलेले असते. पावसाळ्यात कोणती रानभाजी खाण्याजोगी, कोणता कंद कडू, हे त्यास ठाऊक असते. ‘रानमेवा’ हा शब्द त्यास गोड लागतो. त्याच रानाचे नाव शिवीसारखे उच्चारलेले ते ऐकते, आणि पुढे कोणी घर कोठे असे विचारले असता वाडीचे नाव सांगत नाही.