दट्ट्या, फुंकर, फवारा

नळ-पाइपांच्या कुठल्याही दुकानात रबरी पंप दाराशीच लटकवलेला असतो. लाल किंवा काळी रबरी वाटी आणि तिला हातभर दांडा. किंमत इतकी कमी की घासाघीस करायचीही लाज वाटावी. हा पंप बहुतेक घरांत असतो आणि बहुतेक घरांत चुकीचा वापरला जातो. सिंक तुंबलं की माणूस वाटी जाळीवर टेकवतो आणि जीव खाऊन खाली दाबतो. पाणी उसळून अंगावर येतं, तुंबलेलं तसंच राहतं. मग ‘हा पंप काही कामाचा नाही’ म्हणून ॲसिडची बाटली आणली जाते.

पंप कामाचा आहे. फक्त त्याचं काम ढकलण्याचं नाही.

थोडा हिशेब करू. वाटीचं तोंड 12 सेंटिमीटर रुंद आहे आणि आपण दांड्यावर 10 किलोचा भार टाकला असं धरू. वाटीचं क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम 90 ग्रॅम दाब. सिंकखालचा पाइप 32 मिलिमीटरचा असला तर त्यात अडकलेल्या बोळ्याच्या वाट्याला आठच चौरस सेंटिमीटर येतात. गुणाकार केला तर बोळ्यावर पडतात सातशे-सव्वासातशे ग्रॅम. वर दहा किलो, खाली पाऊण किलोसुद्धा नाही! शाळेत पास्कलचा नियम शिकवताना गाडी उचलणाऱ्या जॅकचं उदाहरण देतात. इथे तोच नियम उलटा लागू होतो, मोठ्या तोंडाकडून लहान तोंडाकडे. त्यामुळे पैलवान लावला तरी फार फरक पडत नाही.

फरक पडतो तो उलटसुलट हालचालीने. बोळा तयार होतो तोच मुळी वाहत्या पाण्याच्या दिशेने. केस, चहाचा चोथा, भाताची शितं, भांडी घासायच्या तारेचे तुकडे, सगळं एकामागून एक येऊन त्याच दिशेला चेपलं जातं. त्याच दिशेने आणखी दाबलं तर ते आणखी घट्ट बसतं. मागे ओढलं की मात्र त्याला ज्याची सवय नाही असा हिसका बसतो, कुठेतरी एक फट पडते, पुढच्या दाबाला त्या फटीतून पाणी घुसतं. दहा-पंधरा हिसक्यांत बोळा सैल होतो.

पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये एका जुन्या प्लंबरला हे करताना पाहिलं. सिंकमध्ये निम्म्यावर काळपट पाणी होतं. घरमालक ते उपसायला तांब्या घेऊन आले, तर त्याने थांबवलं आणि उलट नळ सोडून पाणी वाढवलं. शेजारच्या दुसऱ्या भांड्याच्या भोकावर ओलं फडकं दाबून धरायला मालकांनाच सांगितलं. वाटी सरळ न ठेवता तिरकी करून पाण्यात बुडवली. तिच्या पोटातली हवा बुडबुड करत बाहेर आली, तेव्हा कुठे ती भोकावर बसवली. पहिला दाब अगदी सावकाश, मग वीसेक आखूड, जलद झटके, वाटी भोकावरून न सुटता. आणि शेवटी एकदम उपटून घेतली. “दाबायचं नसतंय काका, हलवायचं असतंय,” एवढंच तो बोलला. वर काळी लापशी आली, त्यात काथ्याचे धागे, आणि पाठोपाठ सिंक घरघरत रिकामं झालं.

त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीला कारण होतं. पाणी जवळपास दबतच नाही; हाताचा झटका ते जसाच्या तसा बोळ्यापर्यंत पोचवतं. हवा दबते आणि झटका स्वतःच गिळून टाकते. म्हणून वाटीत हवा नको, वर पाणी हवं. आणि दुसरं भोक उघडं राहिलं तर सगळा दाब तिथूनच निसटतो. वॉशबेसिनच्या कडेखाली ओव्हरफ्लोचं भोक असतं, ते लोकांच्या लक्षातच येत नाही. ते बंद न करता पंप मारणं म्हणजे नुसता हाताचा व्यायाम.

हा सगळा खटाटोप मुळात ट्रॅपमुळे सुरू झाला. जुन्या वाड्यातल्या मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून सरळ बाहेरच्या गटारात जायचं. तुंबलं तर खराट्याची काडी घातली की मोकळं. वासही त्याच भोकातून आत यायचा, त्याचं कुणाला विशेष नव्हतं. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात वळणदार नळी होती. वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातला वायू अडवतं. आपल्या न्हाणीघरातला नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, बाहेरचा गली ट्रॅप, सगळे याच युक्तीवर चालतात. साधारण 50 मिलिमीटरचं पाणी घराला गटारापासून वेगळं ठेवतं. पण वळण आलं की अडकणं आलं, आणि तिथे काडी पोचत नाही. रबरी वाटीचं पेटंट त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1870च्या दशकात, न्यूयॉर्कच्या जॉन हॉली यांनी घेतलं. हे गृहस्थ धंद्याने मिठाईवाले.

काडीची जागा पुढे तारेच्या स्प्रिंगने घेतली. अमेरिकेत 1930च्या दशकात सॅम्युअल ब्लँक यांनी धुलाई यंत्राची मोटर आणि रोलर स्केटची चाकं जोडून ती विजेवर फिरवली. ते वेगळं घराणं. स्प्रिंग बोळ्याला भोक पाडते. केसांच्या गुंत्याला तिच्यासारखा उपाय नाही, पण पाइपाच्या भिंतीला लागलेला तेलाचा थर तसाच राहतो.

आणि आपल्याकडे खरं दुखणं तो थरच. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत भिंतीबाहेरून गेलेला पाइप रात्री त्याहून कितीतरी गार असतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांचं अभ्यंग होतं. तेल, उटणं आणि केस एकाच जाळीतून खाली जातात. बोअरवेलचं जड पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी साबणाची गाठ पडते आणि पांढरट, न विरघळणारा साका तयार होतो. स्वयंपाकघरातलं तूप आणि वनस्पती हेच दुसऱ्या वाटेने करतात. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली सापडलेला चरबीचा गोळा याच जातीचा होता: 250 मीटर लांब, 130 टन. त्याचा तुकडा पुढे संग्रहालयात ठेवला, आणि तो पाहायला लोक गेले.

अशा थरावर उकळतं पाणी ओतायचा सल्ला सर्रास दिला जातो. पीव्हीसीचा पाइप साठेक अंशांपुढे मऊ व्हायला लागतो. कढत पाणी वारंवार ओतलं की सांधे वाकडे होतात. कॉस्टिक सोड्याबद्दल माझं मत आणखी वाईट आहे. तो काम करत नाही असं नाही, पण नाही केलं तर सिंकभर दाहक पाणी साठून राहतं, आणि मग त्यात पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांत उडतं. प्लंबर आल्या आल्या “काही टाकलंय का आत?” असं विचारतो ते यासाठीच. उत्तर खरं द्यावं.

आता फुंकर. हातपंपाने हवा भरून खटका दाबायचा, अशी पिस्तुलासारखी साधनं हल्ली ऑनलाइन विकतात. जाहिरातीत एका क्षणात पाणी भोवऱ्यासारखं खाली जातं. कधीकधी खरंच जातं. पण आधीचाच हिशेब इथे लावा. सहा बार दाबाची हवा एकदम सोडली तर 32 मिलिमीटरच्या पाइपात क्षणभर जवळजवळ 50 किलोचा धक्का बसू शकतो. तो बोळ्याला बसतो तसाच हाताने आवळलेल्या बॉटल ट्रॅपच्या चाकीलाही बसतो. चाकी उडाली की सिंकखालच्या कपाटात काय होतं ते सांगायला नको. शिवाय दाबलेली हवा ऊर्जा साठवून ठेवते, पाणी जवळजवळ नाही. नवी लाइन किंवा बॉयलर तपासताना शक्यतो पाणी भरून दाब देतात, हवा भरून नाही, ते याच कारणाने. नव्या घरात, चांगल्या सांध्यांवर, कमी दाबापासून सुरुवात करून फुंकर वापरायला हरकत नाही. चाळीस वर्षांच्या इमारतीत मी ती वापरू देणार नाही.

ओढायचं यंत्र त्या मानाने सोज्वळ. ओला कचरा चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची ओढ सुमारे दोन मीटर पाण्याच्या स्तंभाइतकी असते. आपल्या पाइपात तिचा हिशेब दीड किलोच्या वर जातो, म्हणजे रबरी पंपाच्या दुप्पट; आणि दिशा मुळातच योग्य. पोकळी कितीही केली तरी वातावरणाच्या दाबाहून जास्त ओढ मिळत नाही, त्यामुळे सांधे उडायची भीती कमी. मुलाने बेसिनमध्ये टाकलेलं टोपण किंवा बटण काढायला याहून चांगलं साधन नाही. साध्या, कोरड्या कचऱ्याच्या यंत्राने हा प्रयोग करू नये, विजेचा धक्का बसेल.

नको असलेली ओढही असते. वरच्या मजल्यावर फ्लश झाला की आपलं बेसिन गुडगुडतं आणि मग वास येतो, अशी तक्रार बऱ्याच इमारतींत ऐकू येते. उभ्या पाइपात पाणी धावत खाली येताना मागे पोकळी करतं आणि आपल्या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. तसं होऊ नये म्हणून गच्चीपर्यंत हवेचा पाइप नेलेला असतो. गच्चीला वॉटरप्रूफिंग करताना कुणीतरी त्यावर सिमेंट थापतो, आणि चौथ्या मजल्यावरची मंडळी वर्षभर नहाणीत फिनेल ओतत बसतात.

राहिला फवारा, या घराण्यातला थोरला. घरगुती जेटिंग यंत्र 100 ते 150 बार दाबाने पाणी सोडतं. बारीक, चिवट नळीच्या टोकाला पितळी नाहीतर पोलादी नोझल असतं आणि त्याची भोकं मागच्या बाजूला असतात. पाणी मागे उडतं म्हणून नळी दिवाळीतल्या बाणासारखी पुढे जाते, ढकलावी लागत नाही. मागे उडणारं पाणी भिंती खरवडतं. त्यामुळे खरी सफाई होते ती नळी परत ओढताना, आणि ती सावकाश ओढावी लागते. घाईचा माणूस पुढे जाऊन बोळा फोडतो, पाणी गेलं की बिल देतो. तेलाचा थर तिथेच राहतो आणि लवकरच पुन्हा फोन येतो. नोझल पाइपाच्या आत गेल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. बाहेर राहिलं तर नळी सापासारखी फणा काढते, आणि त्या धारेने कातडीला पडलेलं भोक दिसायला सुईएवढं असलं तरी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

दुसरा नियम जागेचा. जेटिंग वरून खाली करायचं नसतं. खालच्या चेंबरमधून वर जायचं असतं. बोळ्याची रिकामी बाजू तिकडे असते. सुटलेली घाण उताराने चेंबरमध्ये येते आणि तिथून सक्शनने उचलता येते. वरून केलं तर ती तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात निघते.

चेंबरपाशी मात्र प्रश्न घरगुती राहत नाही. साचलेल्या मळीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेहून जड असतो, आणि प्रमाण वाढलं की आधी वास घेण्याची शक्तीच मारतो, त्यामुळे आत उतरलेल्याला धोका कळतच नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. गटारात झालेल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली. कायदा महापालिकेला लागू आहे तसा खासगी सोसायटीलाही. तरी बांबूच्या कामट्या घेऊन येणारा एखादा माणूस स्वस्त पडतो म्हणून त्यालाच बोलावलं जातं, आणि कामट्या पुरल्या नाहीत की ‘जरा उतरून बघ’ म्हटलं जातं. यंत्र भाड्याने मिळतं. अरुंद गल्लीत मोठी गाडी जात नसेल तर तीनचाकीवर बसवलेलं छोटं जेटिंग यंत्र मिळतं.

ते येतं, आणि चेंबर सापडत नाही. पार्किंगला नव्या फरश्या बसवताना झाकणांवरूनच त्या बसवलेल्या असतात, लाइनचा नकाशा बिल्डरकडून कधी घेतलेलाच नसतो. मग पहारीने फरश्या ठोकत पोकळ आवाज शोधायचा, दोन-तीन चुकीच्या जागी फोडायचं, आणि सोसायटीच्या हिशेबात जेटिंगच्या बिलाच्या आधी फरश्या बसवणाऱ्याचं बिल लागतं.